गुंडाळलेले शीड आणि आतली तार

मृगाच्या सरी स्थिरावल्या की मांडवीचा चेहरामोहरा पालटतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असल्यामुळे मालिमच्या धक्क्यावर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. आणि ज्या थोड्या हौशी मंडळींपाशी शिडाच्या नौका आहेत, तीही आपापल्या नौका काठावर चढवून, ताडपत्रीखाली झाकून, पुढल्या हंगामाच्या डागडुजीचा हिशेब मांडू लागतात. अशाच एका भर पावसाच्या सायंकाळी आमचे एक स्नेही निथळती छत्री घेऊन कचेरीत शिरले. उभा जन्म तारवटी म्हणून जहाजांच्या इंजिनखोलीत घालवल्यावर निवृत्तीत त्यांनी चौतीस फुटांची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आहे. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार कंपन्यांची माहितीपत्रके होती. ती टेबलावर पसरून ते म्हणाले, "जुने फर्लर काढून टाकायचे ठरवले आहे. नवे कुठले घेऊ तेवढे सांगा."

वृत्तपत्राच्या संपादकाला जगातील यच्चयावत विषय कळतात, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात आहे आणि संपादकांनीही तो कधी मनापासून दूर केलेला नाही. आमचे स्वतःचे नौकानयन बेती-पणजी फेरीबोटीच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. परंतु विचारणारा माणूस आपल्या पत्नीसह या नौकेतून समुद्रावर जातो, आणि गेल्या मे महिन्यात ती दोघे ज्या प्रसंगातून सुटली तो आम्हांस ठाऊक होता. म्हणून पुढले तीन आठवडे आम्ही त्यांच्यासमवेत हा विषय धसास लावला.

अग्रलेखाच्या जागी शिडाच्या दोऱ्यांचा खल कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे की, शिडाची नौका ही गोमंतकाला परकी वस्तू राहिलेली नाही. दिवाडी बेटावरच्या बांधणीखान्यात 'म्हादेई' तयार झाली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता ती पुरी केली. तिची बहीण 'तारिणी' हिच्यातून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच तोच पराक्रम केला. हे सर्व पाहून मध्यमवर्गातील माणसालाही जुनी नौका घेऊन मालवण, कारवार, रत्नागिरीपर्यंत जाऊन येण्याची उमेद वाटू लागली, तर त्यात नवल नाही. उमेद घरची असते. साहित्य मात्र बहुधा परदेशातून येते, आणि त्याबरोबर येणारी माहिती विक्रेत्याची असते.

आता हे फर्लर म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. शिडाच्या नौकेची डोलकाठी मधोमध उभी असते आणि तिच्या माथ्यापासून नौकेच्या नाळेपर्यंत एक पोलादी तार ताणून बांधलेली असते. ही पुढची तार डोलकाठीला मागे कोसळू देत नाही. याच तारेवर पुढचे त्रिकोणी शीड उभे राहते. त्याला जिब म्हणतात; मराठी कानाला 'जीभ' वाटावा असा शब्द, आणि वाऱ्यात फडफडते तेव्हा ते दिसतेही तसेच. वारा वाढला की शीड कमी करावे लागते, कारण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. बारा नॉटचा वारा चोवीस नॉट झाला की शिडावरचा भार दुप्पट नव्हे, चौपट होतो. शीड कमी करण्याचे काम दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा अशी की, खलाशाने हेलकावणाऱ्या नाळेवर जाऊन मोठे शीड उतरवायचे आणि लहान चढवायचे. दुसरी तऱ्हा म्हणजे पुढच्या तारेवर ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी चढवायची, तिच्या खाचेत शिडाची कड सरकवायची, पट्टीच्या तळाशी दोर गुंडाळलेला एक ढोल बसवायचा आणि माथ्याजवळ एक फिरकी. मागे, सुकाण्यापाशी बसून ढोलाचा दोर ओढला की पट्टी स्वतःभोवती फिरते आणि शीड दारावरच्या चिकाच्या पडद्यासारखे तिच्याभोवती गुंडाळले जाते. या यंत्रणेला मराठीत नाव नाही. 'शीडगुंडाळी' म्हणावे असे आम्ही सुचवून पाहिले. आमच्या स्नेह्यांनी मंद हास्य केले आणि फर्लर हाच शब्द पुढे चालवला. आम्हीही तो चालवतो.

शीड कमी करण्याची अडचण आपल्या समुद्राला नवी नव्हे. अरबी समुद्रातील लातीनी शिडाच्या जहाजांत शीड एका लांब तिरप्या परबाणाला बांधलेले असे. वारा चढला की अख्खे परबाण खाली घेऊन मोठे शीड सोडायचे आणि धाकटे बांधायचे, हीच तेथील रीत. त्याला एकजुटीने दोर ओढणारे पुष्कळ हात लागत, आणि ते हात त्या जहाजांवर होते. प्रश्न उभा राहिला तो दोन माणसांच्या नौकांपुढे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात वाइकम-मार्टिन नावाची साधी गुंडाळी निघाली. तीत शीड पुरते उघडायचे वा पुरते गुंडाळायचे, अधलेमधले काही नाही. पुढे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या आणि शीड हवे तेवढेच उघडे ठेवणे शक्य झाले. १९७४ साली 'करेजस' या नौकेवरून अमेरिका चषक जिंकणारे टेड हूड मूळचे शीडकार. या प्रसारात त्यांच्या कारखान्याचाही वाटा आहे. आज समुद्रप्रवासाच्या बहुतेक नौकांवर नाळेशी ढोल दिसतोच.

तर मे महिन्यातली हकिगत. मालवणहून परतताना सकाळी वारा मंद होता म्हणून त्यांनी पुढचे शीड पुरते उघडले होते. वेंगुर्ल्याचे खडक मागे पडले, तेरेखोलची खाडी ओलांडली, आणि दुपारनंतर वायव्येचा वारा चढत चढत पंचवीस नॉटवर गेला. शीड कमी करावे म्हणून त्यांनी दोर ओढला. दोन वेढे आले आणि यंत्र अडले. हाताने येईना म्हणून त्यांनी दोर विंचवर घेतला व हँडल घालून पिळला. वरून कुठेतरी तड् असा आवाज झाला. शीड जसेच्या तसे. उतरवून घ्यावे तर तेही खाली येईना. पत्नी सुकाण्यावर; हे गुडघ्यांवर रांगत नाळेवर; आणि ओले जाड कापड डोक्याभोवती चाबकासारखे वाजत होते. शेवटी आग्वादच्या आडोशाला येऊन त्यांनी इंजिन सुरू केले, शिडाचे मोकळे टोक दोराने आवळून धरले आणि शीड तारेभोवती फिरत नाही तर नौकाच शिडाभोवती फिरवली. पाच घिरट्या घातल्यावर शीड वेडेवाकडे का होईना, तारेला लपेटले गेले. ही युक्ती जाणत्या नावाड्यांना ठाऊक आहे. ती दोघांनाही आठवली आणि पुढ्यात मोकळे पाणी होते, म्हणून निभावले.

घरी आल्यावर अर्थातच सारा राग फर्लरवर निघाला. ते जुने, खडखडणारे, मूळ मालकाने बसवलेले. तेव्हा दोष त्याचाच. आमच्या स्नेह्यांनी माहितीपत्रके मागवली ती या रागाच्या भरात. पण जुने यंत्र उतरवून अंगणात ओळीने मांडले आणि एकेक भाग हातात घेऊन पाहिला, तेव्हा निराळेच प्रकरण बाहेर आले. ढोल कुरकुरत होता, पण फिरत होता. फिरकीच्या गोळ्या झिजल्या होत्या, पण अडत नव्हत्या. अडले होते ते वर, जेथे जमिनीवरून दृष्टी पोचत नाही तेथे. शीड चढवणारा दोर, ज्याला खलाशी हॅलयार्ड म्हणतात, पट्टीच्या माथ्याभोवती गुंडाळला गेला होता.

हा दोष फर्लरच्या व्यवहारात इतका सार्वत्रिक आहे की, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. फिरकीचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो; वरचा भाग, ज्याला हॅलयार्ड बांधलेला असतो, त्याने स्थिर राहिले पाहिजे. तो स्थिर राहावा म्हणून हॅलयार्डने तारेला अगदी समांतर न येता थोडा कोन करून, साधारण आठ-दहा अंशांनी, मागे डोलकाठीकडे जावे लागते. तसा कोन नसेल तर दोराला मागे ओढून धरणारे काही उरत नाही; फिरकीबरोबर तोही फिरतो आणि पट्टीला वेढे घालतो. हा कोन केव्हा बिघडतो? मुख्यतः शीड तारेच्या मानाने आखूड असेल तेव्हा. फिरकी माथ्यापासून बरीच खाली राहते आणि दोराचा उघडा भाग लांब, तारेला समांतर होतो. आमच्या स्नेह्यांचे शीड दुसऱ्या नौकेवरून आलेले, स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले, आणि उंचीला पाऊण मीटर कमी भरणारे होते. त्यावर उपाय काय? शिडाच्या माथ्याला तेवढ्या लांबीचा एक तारेचा तुकडा जोडायचा, म्हणजे फिरकी योग्य उंचीवर जाते. काही यंत्रांत डोलकाठीवर दोराला मागे खेचणारी एक लहान कडी बसवतात. काहींत फिरकीच्या वर अडथळ्याची चकती असते. म्हणजे ज्या कामासाठी दीड-दोन लाखांचे यंत्र मागवण्याची तयारी चालली होती, ते तारेच्या एका तुकड्याने झाले असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आम्ही त्यांना म्हणालो. ते हसले नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्या हातात होते.

ते कारण म्हणजे पुढच्या तारेचे वरचे टोक. अशा तारेत एकोणीस जाड तंतू एकत्र वळलेले असतात. त्यांपैकी तीन तंतू, टोकाला दाबून बसवलेल्या पोलादी टोपणाच्या तोंडाशीच, तुटलेले होते. एक ताजा, लखलखीत. दोन जुने, तपकिरी. विंचच्या हँडलने पिळले तेव्हा झालेला तो 'तड्' याचा होता. दोर पट्टीला वेढलेला असताना ढोल बळाने फिरवला की तो पीळ जाऊन बसतो तारेच्या माथ्याशी. वळलेली तार उलट दिशेने उकलू पाहते आणि तंतू एकेक करून जातात. दोन जुने तंतू सांगत होते की, हे आधीही झाले होते. आमचे स्नेही दर दिवाळीनंतर नौकेच्या सगळ्या तारा चिंधीने पुसून तपासतात. चिंधीला धागा अडकला तर तेथे तंतू तुटला, ही त्यांची साधी कसोटी. पुढच्या तारेला मात्र चिंधी कधी लागली नाही, कारण ती पट्टीच्या आत होती.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. फर्लर निवडताना लोक ढोलाचा रंग, दोराची वळणे, गोळ्यांची धातू यांची तुलना करतात. माहितीपत्रकेही त्याच गोष्टींची छायाचित्रे देतात. वस्तुतः हे यंत्र नौकेतील सर्वांत महत्त्वाच्या तारेवर म्यान चढवते. तार तुटली की डोलकाठी मागे जाते. वाऱ्यात, माणसे खाली बसलेली असताना जाते. डोलकाठी जाणे म्हणजे काय, ते अभिलाष टॉमी यांच्या कहाणीने आपल्याला २०१८ च्या सप्टेंबरात दाखवले. गोव्यातच बांधलेल्या त्यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. तो वादळाचा तडाखा होता. तारेचा वा फर्लरचा त्यात दोष नव्हता. पण परिणाम तोच. तेव्हा ज्या यंत्रात तार वारंवार तपासता येते, सहज बदलता येते, ते यंत्र चांगले; बाकीचे गुण नंतर पाहावेत.

या दृष्टीने बाजारातील मालाकडे पाहू. स्वीडनच्या सेल्डेन कंपनीचे फर्लेक्स हे यंत्र नव्या तारेसहच येते. काहींना ही सक्ती वाटते, खर्च वाढवणारी. आम्हांला तो त्या मालाचा पहिला गुण वाटला. जुन्या तारेवर नवे यंत्र चढवण्याचा मोह खरेदीदाराला होऊच द्यायचा नाही, हे शहाणपणाचे आहे. त्याच्या गोळ्यांना मात्र वेळोवेळी ग्रीस द्यावे लागते. फ्रान्सच्या प्रोफर्लमध्ये पोलादी गोळ्या ग्रीसमध्ये बुडवून रबरी कड्यांनी बंद केलेल्या असतात. काही करावे लागत नाही, हा त्याचा लौकिक आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. दोर वेढला जाऊ नये म्हणून त्यांनी फिरकीवरच अडथळ्याची योजना केली आहे, तीही आम्हांस पसंत पडली. परंतु वर्षानुवर्षांनी रबरी कडे दगा देते, खारे पाणी आत शिरते आणि पोलादी गोळ्या गंजतात, तेव्हा वास्को वा पणजीच्या वर्कशॉपमध्ये ते काम सहजी होईल असे नाही. अमेरिकेच्या हार्केनने याच्या नेमकी उलट वाट धरली. त्यांच्या गोळ्या न गंजणाऱ्या कठीण प्लॅस्टिकच्या, आणि उघड्या. ग्रीस नको, तेल नको. गोड्या पाण्याची बादली ओतली की मीठ वाहून गेले. ज्याला बादली ओतण्याचा कंटाळा आहे त्याने ते घेऊ नये. आमच्या स्नेह्यांनी चाळीस वर्षे इंजिनांना दररोज न्हाऊमाखू घातले आहे. त्यांना बंद डब्यातल्या गोष्टीवर विश्वास ठेवणे जड जाते, आणि आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत.

विजेवर चालणारे फर्लरही मिळते. बटण दाबले की शीड आत. पन्नास-साठ फुटांच्या नौकेवर उतारवयातील दांपत्य असेल तर त्याचा उपयोग आम्ही नाकारत नाही. पण हाताने दोर ओढताना यंत्र अडले तर हाताला कळते. मोटारीला ते कळत नाही, ती पिळतच राहते. मे महिन्यात विंचने जे केले ते मोटार याहून शांतपणे केले असते. चौतीस फुटी नौकेला तिची गरज नाही.

आकार निवडताना नौकेच्या लांबीवर जाऊ नये. तारेची जाडी आणि ती ज्या खिळींनी नौकेला जोडली आहे त्या खिळींची जाडी मोजावी आणि तक्त्यात पाहावे. दोन आकारांच्या मध्ये बसत असेल तर थोरला घ्यावा. दोन्ही टोकांना सर्व दिशांनी हलणारा सांधा हवाच, नाहीतर शिडाच्या झोक्याने टोपणापाशी तार वाकत राहते आणि थकते. नांगर नाळेवरून चढतो-उतरतो, तेव्हा ढोल त्याच्या वाटेत येत नाही ना, हे नौका धक्क्याला असतानाच नांगर वर-खाली करून पाहावे. येत असेल तर ढोल उंच उचलणाऱ्या पट्ट्या मागवाव्यात. ढोलाचा दोर काटकोनात, मधोमध आला पाहिजे. तिरपा आला की वेढ्यावर वेढा चढतो. पुरते शीड गुंडाळल्यावर त्यावर शिडाच्या दोरांचे आणखी दोन-तीन फेरे बसतील इतका दोर ढोलावर शिल्लक हवा. नव्या पट्टीची खाच जुन्या शिडाच्या कडेला जुळेलच असे नाही. न जुळल्यास कडेची फीत शीडकाराकडून बदलून घ्यावी लागते, आणि हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. शीडही यंत्राइतकेच महत्त्वाचे. साधे शीड अर्धे गुंडाळले की त्याला मध्ये झोळ पडतो आणि नौका वाऱ्यावर चढेनाशी होते. पुढच्या कडेला स्पंजाची पट्टी शिवली तर झोळ बराचसा आवरतो.

मग इतका उपद्व्याप करण्यापेक्षा जुन्या रीतीने, कड्यांनी तारेला अडकवलेले शीड काय वाईट? असा प्रश्न आम्ही विचारलाच. ते यंत्र बिघडत नाही, कारण ते यंत्रच नाही. तार उघडी राहते, चिंधी फिरवता येते. दोर सोडला की शीड धपकन खाली. मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते याच साध्या रीतीने. आमचा कल तिकडे झुकत होता. परंतु आमच्या स्नेह्यांच्या पत्नीने, ज्या आतापर्यंत चहा देऊन शांतपणे ऐकत होत्या, एका वाक्यात निकाल लावला. "नाळेवर दरवेळी हे जाणार, आणि हे पडले तर मी एकटी नौका वळवून यांना कसे उचलणार?" सत्तरीच्या उंबरठ्यावरील माणसाला लाटांत नाळेवर धाडणारी रीत कितीही साधी असली, तरी ती निर्धोक नव्हे. फर्लरची खरी किंमत येथे वसूल होते. माणूस मागे, सुकाण्यापाशी राहतो.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत नसतो, तो आपणच केला पाहिजे. कोकणच्या उष्ण, खाऱ्या, दमट हवेत स्टेनलेस पोलादही गंजते. उघड्या अंगावर नव्हे, टोपणाच्या आत, खिळीच्या खाली, जेथे खारे पाणी साचते आणि हवा पोचत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेले स्टेनलेसचे स्क्रू दोन-तीन वर्षांत असे धरतात की काढताना डोके तुटते. म्हणून बसवतानाच प्रत्येक स्क्रूला लोकरीच्या चरबीचा लेप द्यावा आणि वर्षातून एकदा तो काढून पुन्हा बसवावा. गुंडाळलेल्या शिडाची बाहेरची कड ऊन खाऊन कुजते. तिच्यावर जाड कापडाची झालर शिवलेली असते, ती फाटली की शीड गेलेच समजावे. आणि मेच्या मध्यापूर्वी शीड तारेवरून उतरवून, गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून घरी न्यावे. १६ मे २०२१ रोजी ताउक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, ते कॅलेंडरातला पावसाळा सुरू होण्यापूर्वीच. गुंडाळून ठेवलेल्या शिडाचे एक टोक अशा वाऱ्यात सुटले तर बांधलेल्या नौकेवरही डोलकाठी टिकणे कठीण. आणि नौकाच दोर तोडून शेजारणीवर गेली तर नुकसान एकट्याचे राहत नाही.

तारेच्या टोकांविषयी एक गोष्ट राहिली. कारखान्यात यंत्राने दाबून बसवलेले टोपण मजबूत असते, पण ते यंत्र येथे गल्लोगल्ली नाही. त्याऐवजी दोन पान्यांनी हातानेच आवळून बसवता येणारी टोपणे मिळतात. आतला लहानसा सुळा बदलला की तीच पुन्हा वापरता येतात. तार पट्टीतून ओवल्यावर एक टोक जागेवरच बसवावे लागते, तेव्हा खालच्या बाजूला तरी असे टोपण असावे. पुढच्या खेपेस तार तपासायची झाली, तर ते सोडवून तार बाहेर ओढता येते. दर दहा-बारा वर्षांनी तार बदलण्याचा परदेशातील नावाड्यांचा प्रघात आहे. आमच्या स्नेह्यांची सोळा वर्षांची निघाली. खलाशाला स्वतःच्या गुडघ्यांचे वय पाठ असते, तारेचे नसते, असे ते म्हणाले. नव्या तारेची तारीख आता नौकेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली जाणार आहे.

तीन आठवड्यांनंतर ठरले ते असे. पहिला खर्च तारेचा. आठ मिलिमीटरची नवी तार, खालच्या टोकाला हाताने बसणारे टोपण. दुसरा, उघड्या गोळ्यांचे फर्लर, आणि त्यासोबत राखीव गोळ्यांचा संच, खिळ्या, स्क्रू व ढोलाचा एक जादा दोर. कारण मागाहून एकेक वस्तू मागवताना वाहतूक आणि जकात वस्तूपेक्षा जड होते. तिसरा, शिडाच्या माथ्याला पाऊण मीटर तारेचा तुकडा. आणि चौथी एक सोय, जी त्यांच्या पत्नीने मान्य केली: डोलकाठीपासून पुढे, फर्लरच्या मागच्या बाजूस, हवी तेव्हा लावता येईल अशी आणखी एक तार, तिच्यावर कड्यांचे एक लहानसे, जाड, वादळी शीड. ते नाळेवर न जाता डोलकाठीजवळूनच चढवता येते, आणि पुढची तार कधी गेलीच तर डोलकाठीला धरायला काहीतरी उरते. विंचच्या हँडलविषयीही एक करार झाला. ढोलाचा दोर हाताने आला नाही तर थांबायचे, वर पाहायचे. हँडल घालायचे नाही. हँडल आता सुकाण्याजवळच्या पेटीत नसून खाली स्वयंपाकाच्या कपाटात, त्यांच्या ताब्यात राहणार आहे.

सामान ऑगस्टअखेर येईल आणि पाऊस ओसरला की डोलकाठी उतरवून ते बसवायचे आहे. दरम्यान जुन्या फर्लरच्या दोन-दोन मीटरच्या ॲल्युमिनियम पट्ट्या भंगारात घालायला त्यांच्या घरी नकार मिळाला. परवा आम्ही गेलो तेव्हा त्या परसात उभ्या रोवलेल्या होत्या आणि दोडक्याचा वेल तिसऱ्या खाचेपर्यंत चढला होता.